अरुंधतीचा फोटो

शनीचा फोटो हातात पडला तेव्हा जयवंताबाईंनी तो आधी नाकाला लावला, मग हातभर लांब धरला, मग उलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "ज्वारीचा दाणा हाय. किडका."

"शनी हाय तो," चंपतराव हळूच म्हणाले. "बाजूनं पाय, कडं दिसते त्याचं."

"कडं नाही ते. सोंडा बाहेर निघून राहिला."

यात जयवंताबाईंचं काही चुकलं असं कोणी म्हणू नये. सक्करदऱ्याच्या त्या घरात फोटो कशाला म्हणायचं याची एक रीत होती. फोटोत माणूस बसलेला असावा, त्याच्या मागं पडद्यावर रंगवलेला तलाव असावा, आणि माणूस शक्यतो मेलेला असावा, म्हणजे हार घालता येतो. पेन्शनीत निघाल्यापासून नवऱ्यानं जे फोटो काढले त्यात माणूस नव्हता, तलाव नव्हता, आणि हार कशाला घालावा ते कळत नव्हतं. गुरूचा होता, तो कपाळावरच्या टिकलीएवढा. मृग नक्षत्राच्या पोटातला एक धुरकट डाग होता. त्याला चंपतराव तेजोमेघ म्हणत आणि जयवंताबाई बुरशी म्हणत. चंद्राचा तेवढा बरा आला होता. पण चंद्राचं काय, तो फुकट दिसतो.

हा सगळा कारभार गच्चीवर चाले. पत्र्याच्या पन्हाळीचा एक नळा, आतून काजळीनं काळा केलेला. त्याच्या एका तोंडाला जाड भिंग. ते जरीपटक्याच्या ताराचंदकडून आणलेलं. ताराचंद जुन्या मोडक्या सामानाचा दुकानदार. "मिलिटरी का माल है, दादा. दुश्मन का टैंक दिखता था इसमें," असं सांगून त्यानं ते गळ्यात मारलं होतं. नळ्याच्या दुसऱ्या तोंडाला घडीचा जुना कॅमेरा सुतळीनं बांधलेला. या नळ्याला चंपतराव जसं गोंजारत तसं त्यांनी घरात कोणाला गोंजारल्याचं जयवंताबाईंना आठवत नव्हतं. बोलायचे तर ते कोणाशीच नाही. तीस वर्षं रेल्वेच्या डाकडब्यात उभं राहून पत्रं निवडण्यात गेली. दिवेलागणीला जेवणाचा डबा घेऊन स्टेशनवर जायचं, धावत्या गाडीत रात्रभर खणाखणात पत्रं टाकायची, कधी इटारसी तर कधी भुसावळ, आणि परत आलं की दिवसाउजेडी खिडक्या लावून झोपायचं. लोकांच्या बायकांची पत्रं लोकांच्या नवऱ्यांना वेळेवर पोचली, यात शंका नाही. घरची बायको मात्र दिव्याखाली एकटी जेवली. एकटी जेवते असं ती कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "बरं हाय, घोरणं आयकाव लागत नाही."

अशात तिच्या डोळ्यांचं निघालं. दवाखान्यात डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं. पिकू द्या, पावसाळ्याच्या तोंडाशी काढू.

"पिकू द्या म्हणते," जयवंताबाई रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "आंबा हाय काय?"

त्या घाबरल्या नव्हत्या. माहेर कुहीकडचं, धानाच्या बांधीत साप आला तर विळ्यानं बाजूला सारून पुढचं कापायचं, अशा घरातल्या. पण त्या संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून त्यांनी सहज वर पाहिलं, तर आभाळात कोणी ताक सांडल्यासारखं दिसलं. एक चांदणी सुटी म्हणून नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपली अरुंधती राहिली.

लग्नात सप्तपदी झाली की नवऱ्यानं नवरीला मांडवाबाहेर नेऊन बोटानं अरुंधती दाखवायची, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. सप्तर्षींच्या शेपटीत मधला वसिष्ठ, आणि त्याला खेटून बारीकशी ती. जयवंताबाईंचं लग्न लागलं गोरजावर, आणि नेमकं वैशाखातलं वादळ उठलं. मांडवाचा खांब पडला, वरणात धूळ गेली, व्याही वरणाचं विसरून खांबावरून भांडले. त्या गडबडीत भटजीनं एका काळ्याभोर ढगाकडं हात केला, "तिकडं असते" म्हणाला, आणि दक्षिणा घेऊन मोकळा झाला. नवरदेवाला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. तो कानाशी येऊन म्हणाला, "मंग दावतो."

मग नवरदेवाला डाकडबा लागला.

कोणी म्हणेल, आपली आपण पाहून घ्यायची. मान वर केली की आभाळ आहेच. पण जयवंताबाईंनी ती आपली आपण कधी पाहिली नाही. नणंदा-जावांनी गच्चीवर बोटं करून करून दाखवली, तर या डोळे मिटून घेत. "ज्यानं दावाची त्यानं दावावं. मी उष्टं काहून पाहू?" मानी बाईची भूक अशी असते, पोटात आग आणि तोंडावर ढेकर. चुलतसासूनं एकदा ऐकवलं होतं, की ज्याला अरुंधती दिसत नाही ते माणूस सहा महिन्यांत जाते. जयवंताबाईंनी पुढं सासूचं तेरावं केलं, सासऱ्याचं केलं, हे सांगणाऱ्या चुलतसासूचंही केलं, आणि दर तेराव्याला बुंदी स्वतःच्या हातानं पाडली.

तर शनीचा दाणा चंपतरावांपुढं टाकून त्या म्हणाल्या, "इतक्या दूरचा शनी धरता, तं एक अरुंधती धरा. परातीएवढा फोटो करा. डोळे कापाच्या आदी मले ते पाहाची हाय. आभाळात तं आता दिसत नाही."

"आभाळातच दावली असती मी तुले..."

"हौ. दावली असती."

चंपतराव उठले. गच्चीवर गेले.

इथपर्यंत गोष्ट घरातली होती. पण नागपूरच्या उन्हाळ्यात घरातलं घरात राहत नाही, कारण घरात कोणीच राहत नाही. चैत्र सरला की सगळं शहर गाद्या डोक्यावर घेऊन गच्चीवर चढते. कोणाचा माठ पाझरतो, कोणाची सून फुगून भिंतीकडं तोंड करून पडली, हे आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांना पाठ. अशा गच्च्यांच्या मधोमध चंपतरावांनी तो काळा नळा उत्तरेकडं वळवला. आणि उत्तरेकडं, अरुंधतीच्या बरोबर खाली, नत्थूजींची गच्ची होती.

नत्थूजी कचेरीतून पेन्शनीत निघाले होते. सल्ले देण्यातून निघाले नव्हते. ते गल्लीतली चार जाणती माणसं घेऊन वर आले.

"चंपतराव, वाईट नोका वाटून घेऊ जी. पण इकडं बायामाणसं झोपतेत, अन् तुमची हे तोफ..."

"ते अरुंधतीकडं हाय," चंपतराव म्हणाले.

"कोण अरुंधती?" मागच्या एकानं विचारलं. "नवीन भाडेकरू आले ते काय?"

जयवंताबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. "नत्थूजी, या माणसाले तीस वर्षं सोताची बायको दिसली नाही. तुमच्या बायका कोठून दिसतीन?"

मंडळी हसत हसत खाली उतरली. जयवंताबाई मात्र वरच थांबल्या. आपण बोललो ते आपल्याच कानात उशिरा शिरावं, तसं काहीसं झालं. चंपतराव पाठमोरे होऊन नळ्याचा एक स्क्रू पिळत होते. तो आधीच घट्ट होता.

नत्थूजींनी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, येवढा खटाटोप कायले? इतवारीत कॅलेंडर भेटतेत, त्याच्यात छापून येतेत सप्तर्षी. रंगीत. दाढ्यांसकट."

"माहं लगन कॅलेंडरवाल्यासंगं लागलं होतं काय?"

पहिला फोटो निघाला आणि चौकातल्या कृष्णकांतच्या स्टुडिओत धुवायला गेला. कृष्णकांत पोरगा गुणी. गल्लीतल्या लग्नाच्या मुलींचे फोटो तोच काढायचा, आणि मुलगी कशीही असो, फोटो पाहून पाहुणे यायचेच. त्यानं काळ्या कागदावर पांढऱ्या रेघोट्या आलेला फोटो पुढं ठेवला. मांजरानं नखं ओढावीत तसा.

"काकाजी, फोटो हालला."

"मी नाही हाललो."

"मंग गिऱ्हाईक हाललं असन."

चंपतराव घरी येऊन पुष्कळ वेळ रेघोट्यांकडं पाहत बसले. मग म्हणाले, "पृथ्वी फिरते ना वं. म्हणून चांदण्या ओढल्या गेल्या."

पृथ्वी फिरते हे जयवंताबाईंना माहीत होतं. दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, त्यात तेवढं आलं होतं. पण आपल्या एका फोटोपुरताही तिला दम निघू नये याचा त्यांना मनापासून राग आला. "सारा दिवस फिर म्हणा. दिवेलागणीले घडीभर थांबली तं काय बिघडते?"

पृथ्वी थांबत नाही म्हटल्यावर कॅमेराच तिच्या उलट हळूहळू फिरवायचा, असं ठरलं. फिरवायचा कशावर? चंपतरावांची नजर घरभर फिरली आणि जात्यावर येऊन थांबली. माहेरहून आलेलं जातं. गिरणी झाल्यापासून कोपऱ्यात पडलेलं, पण पडलेलं असलं तरी माहेरचं. ते चौघांनी गच्चीवर चढवलं. सारं आभाळ ध्रुवाभोवती फिरते; मधला खिळा त्याच्याकडं यायला हवा, आणि नागपुरातून ध्रुव दिसतो आभाळाच्या पार बुडाशी. म्हणून जातं विटा लावून जवळजवळ उभंच करावं लागलं. एका जुन्या बाजेची दोरी काढून तिनं ते आवळलं, वरच्या दगडावर नळा बसवला. आता खुंटा धरून तो दगड अगदी केसाकेसानं सरकवायचा.

हे पाहून जयवंताबाईंना काय वाटलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी हात धुतले, लुगड्याला पुसले, वर आल्या आणि जात्यापाशी बसत म्हणाल्या, "सरका. मी फिरवते. जातं फिरवाची सवय मले हाय, तुमाले नाही."

अंधार नुकता पडत होता. वारं सुटलं होतं. बसायला दोघांपुरती जागा होती.

"तुहा हात जड हाय," चंपतराव म्हणाले. "अन् तू चालली का गच्ची हालते वं. खालीच राय."

जयवंताबाईंच्या वजनाबद्दल त्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मुलगा चंद्रभान बोलला नव्हता, सून कौशल्या तर स्वप्नातही बोलली नसती. त्या उठल्या आणि जिना उतरल्या. शक्य तितक्या हलक्या पावलानं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

मग खालच्या मजल्यावर फर्मान सुटलं. अरुंधतीचा फोटो निघतो तोवर कोणी चालायचं नाही. दार लोटायचं नाही, बादली आपटायची नाही, खोकला आला तर उशीत तोंड घालायचं. कौशल्या खलबत्त्याशी हात आवरून बसायची आणि सासूला विचारायची.

"मामीजी, चटणी?"

"उद्या."

"काल बी उद्याच म्हटलं तुमी."

"मंग आज बी उद्या."

चंद्रभान कामावरून आला तर एक पाय उंबऱ्यात आणि एक बाहेर, असा बगळ्यासारखा उभा राही. जयवंताबाई अंगणात बाजेवर बसून वरचा आवाज ऐकत. दगडावर दगड घसटल्याचा, अगदी मंद. जातं फिरत होतं आणि पीठ पडत नव्हतं. सारा जन्म तो गाडीत आणि ही घरात. आता तो गच्चीवर आणि ही अंगणात. अंतर कमी झालं होतं, नाही म्हणता येत नाही. एका जिन्याचं राहिलं होतं.

एक दिवस बाजेच्या दोरीनं दगा दिला. चंपतरावांनी नळ्याला मिठी मारून नळा वाचवला, पण वरचा दगड सुटला. तो जिन्याच्या एकेका पायरीवर थांबून, विचार करून, खाली आला. अंगणात येताच मात्र पळत सुटला, रांजण फोडला आणि फाटकात येऊन पडला. फाटकात नत्थूजी होते. सल्ला द्यायला येत होते. त्यांनी पायाकडं पाहिलं, मग आभाळाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "मी आदीच म्हटलं होतं, शनीचा फोटो काढू नोका."

दगड पुन्हा वर गेला, दोरी दुहेरी झाली, फोटो पुन्हा निघाला. या वेळी चांदण्या जागच्या जागी होत्या असं चंपतराव म्हणत. दिसत मात्र नव्हत्या, कारण सगळा फोटो राखेसारखा पांढुरका. घरासमोरच्या रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड नळ्यात शिरत होता. दिवा बंद करायला हवा.

दिव्यांच्या खात्यात जयवंताबाई स्वतः गेल्या. चंपतरावांना नेलं, पण ते बोलत नाहीत म्हणून नुसते सोबत.

"कोणता दिवा बंद हाय?" टेबलावरच्या बाबूनं मान वर न करता विचारलं.

"बंद नाही. चालू हाय."

"मंग तक्रार काय?"

"चालू हाय हेच."

बाबूनं मान वर केली. शेजारच्या बाबूला बोलावलं. दोघांनी मिळून दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाई, दिवा लावा म्हणून लोक पाया पडतेत आमच्या. बंद करा म्हणून आजवर कोणी नाही आलं. अंधार कोणाले पायजे असते? चोराले."

"अन् नव्या नवरीले," जयवंताबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांचे कान तापले, कारण हे त्यांना म्हणायचं नव्हतं.

बाबूच्या वहीत एकाच प्रकारची तक्रार मावत होती, दिवा बंद असल्याची. त्यानं तीच लिहून घेतली. चार दिवसांनी खांबावर चढणारा माणूस आला, दिवा पाहिला, जयवंताबाईंचे दुधाळलेले डोळे पाहिले आणि कळवळून म्हणाला, "आजी, दिवा चालू हाय. तुमालेच दिसत नाही. डोळ्याचं पाहा काही." उभ्या गल्लीत त्यांना असं कोणी ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवणारा खांबावर असल्यामुळं हाताशीही येत नव्हता. त्याला बिचाऱ्याला इतकं वाईट वाटलं, की पुढच्याच आठवड्यात त्यानं जुना दिवा काढून मोठा, निळसर, दुप्पट उजेडाचा लावून दिला. नत्थूजी त्या रात्रीपासून आपल्या गच्चीवर पडल्या पडल्या पेपर वाचू लागले. येऊन आभारही मानून गेले.

तेव्हा जयवंताबाईंनी लांब बांबू घेतला, त्याच्या टोकाला शेणाचं मोठं टोपलं बांधलं आणि संध्याकाळी रस्त्यावर जाऊन दिव्याला टोपी घातली. बांबू धरून उभ्या आहेत, तोच गस्तीचा शिपाई आला.

"काय करून राहिल्या बाई?"

"दिव्यावर टोपलं धरून राहिली."

"काहून?"

"उजेड पडून राहिला म्हणून."

शिपायानं यावर विचार केला. "सरकारी दिवा हाय तो."

"टोपलं माहं हाय. दिव्याले हात लावला काय मी?"

"अंधारात चोर येतेत बाई."

"तं तुमी उभे राहा ना इथं. दिव्याले चोर भेत नाही; उलट काय न्याचं ते त्याले बरं दिसते. तुमाले भेईन."

आपल्याला चोर भितात हे शिपायाला प्रथमच कोणी सांगत होतं. तो उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं बाईंच्या हातातून बांबू घेतला, कारण टोपलं एका बाजूला कलायला लागलं होतं, आणि विचारलं, "पण कायचा फोटो हाय?"

जयवंताबाईंनी सांगितलं. सगळं नाही, लग्नातल्या वादळापुरतं. अंधारात बोलणं सोपं जातं. पलीकडं कठड्याला टेकून नत्थूजी ऐकत होते हे त्यांना माहीत नव्हतं. जरा वेळानं वरून नत्थूजींचा आवाज आला. आपल्या घरादाराला दटावत होते. "हालू नोका गा कोणी! पाणी मंग पेजा! वहिनीची अरुंधती निघून राहिली!" त्यांच्या गच्चीवरून ते पुढच्या गच्चीवर गेलं, तिथून पुढच्या. कोणी रेडिओ बंद केला. कोणी रडतं लेकरू छातीशी घेतलं. सगळी गल्ली आपापल्या गादीवर श्वास धरून पडली, आणि त्या शांततेत फक्त एक जातं फिरत होतं.

चंपतराव खाली आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला जात्याची माती होती. जयवंताबाईंकडं पाहून ते हसले. "धरली," म्हणाले.

त्या रात्री जयवंताबाईंना झोप नाही. सकाळी त्यांनी कौशल्याला देवघरासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकायला लावला. जरा उजवीकडं, जरा खाली, माझ्या नाकासमोर येईल असा. कृष्णकांतला निरोप गेला, की काकूंचं पूजेतलं काम आहे, नीट कर. त्यानं नीट केलं. फोटो परातीएवढा मोठा, चकचकीत, पांढरी किनार सोडलेली.

जयवंताबाईंनी तो स्टुडिओतच उघडला. नाकाला लावला. लांब धरला. उलटा केला. पुन्हा नाकाला लावला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"पिकले वाटते माहे डोळे," त्या म्हणाल्या. "मले सारं काळंच दिसून राहिलं. तुमाले दिसते काय?"

चंपतरावांनी फोटो हातात घेतला. दाराच्या उजेडात नेऊन तिरका धरला.

"काळंच हाय," ते शेवटी म्हणाले.

"किती डाग होते काकाजी!" कृष्णकांत उत्साहानं सांगत होता. "सारे फोटोभर ठिपके, धूळ बसल्यावानी. काकूच्या पूजेचा फोटो म्हटलं, असा कसा देऊ? पोरीच्या गालावरच्या पुटकुळ्या काढतो तसे एक एक काढले. वरून नाही, निगेटिव्हवरच चाकूनं खरवडले. आता किती बी कॉप्या काढा, एक ठिपका याचा नाही."

मग त्या दोघांच्या तोंडाकडं पाहून तो थांबला. चंपतरावांनी दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हा त्याच्या हातातली कात्री खाली पडली. पोरगा रडायलाच लागला.

जयवंताबाई त्याच्याकडं वळल्या. "लेकरा, तुहं लगन झालं काय?"

"नाही काकू."

"नोको करू. बायकोच्या कपाळावरचं कुकू बी खरवडशीन."

एवढं बोलून झालं, आणि त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. घरी कौशल्याला चटणीत मीठ जास्त पडल्यावरूनही नाही. नत्थूजी कुंपणावर येऊन, "मी म्हणतो, वहिनी, कॅलेंडरच..." इथपर्यंत पोचले, तरी नाही. चंपतरावांनी तीस वर्षं त्या बाईचं बोलणं झोपेत ऐकलं होतं. तिचं गप्प राहणं त्यांना जागेपणी सोसेना. ते दर संध्याकाळी गच्चीवर जात आणि तसेच खाली येत. आभाळ भरून यायला लागलं होतं. सप्तर्षी पश्चिमेकडं कलंडले होते आणि त्यांच्यावर मृगाचे ढग चढत होते. त्यातच दवाखान्याचा निरोप आला, की डोळे आता पिकले असतील, घेऊन या.

रिक्षात चंपतराव म्हणाले, "पुढच्या चैत्रात पुन्हा..."

"पुढच्या चैत्रात तुमी शनी धरा."

ऑपरेशन झालं. त्या काळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधत आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या थैल्या लावत, मान हलू नये म्हणून. उताणं पडून राहायचं. हसायचं नाही, खोकायचं नाही, आणि नर्सबाईनं बजावलं होतं, की आजी, बोलायचंही कमी. जयवंताबाईंना या सगळ्यात वाळूचा त्रास नव्हता.

सकाळी कौशल्या बसे. दुपारी तिनं घरी जायचं म्हणून चंपतराव आले. स्टुलावर बसले. दुपारचे दोघंही जागे, गाडी नाही, नळा नाही, जिना नाही. असा प्रसंग त्यांच्या संसारात पूर्वी आला नव्हता आणि अशा वेळी काय बोलतात ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"गरमी लय हाय," चंपतराव म्हणाले.

"हं."

बाहेर पावसाची एक सर पत्र्यावर येऊन गेली. शेजारच्या खाटेवर उमरेडची एक बाई तशीच पट्ट्या बांधून पडली होती. ती झोपेत कोणाला तरी शिव्या देत होती.

चंपतरावांनी खुर्चीवर सरकावं तसं स्टुलावर दोनदा सरकून पाहिलं. मग त्यांनी जयवंताबाईंचा हात उचलला. जयवंताबाई दचकल्या, पण मान हलवायची नव्हती म्हणून निमूट राहिल्या. चंपतरावांनी तो हात उताणा केला, बोटं एकेक करून उघडली, आणि तळहाताच्या मधोमध, खूप बारीक, एक बोट टेकवलं.

"हा क्रतू," ते म्हणाले. बोट उचललं, जरा पलीकडं टेकवलं. "हा पुलह. हा पुलस्त्य. अन् हा अत्री. इथं चौकोन झाला. समजला काय?"

जयवंताबाईंनी तळहात आणखी सपाट केला.

"आता शेपटी. हा अंगिरा." बोट अंगठ्याच्या मुळाकडं सरकलं. पत्रं टाकून टाकून त्या बोटाचं टोक खरखरीत झालं होतं; हे जयवंताबाईंना आजवर माहीत नव्हतं. "हा वसिष्ठ. अन् शेवटी टोकाले हा मरीची."

"काय करून राहिले वं बाई तुमचे ते?" उमरेडची बाई जागी होऊन पट्ट्यांच्या अंधारातून विचारत होती.

"काही नाही वं," जयवंताबाई म्हणाल्या. "झोप तू."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "अन् ते?"

चंपतराव वसिष्ठापाशी परत आले आणि नखाचं टोक अलगद टेकवलं. त्याला इतकं खेटून, की टेकवलं का नुसतं जवळ आणलं ते कळू नये.

"येवढ्या जवळ?"

"हौ. येवढ्याच जवळ."

पत्र्यावर पुन्हा पाऊस आला. जन्मात कोणी जयवंताबाईंना एक गोष्ट दोनदा सांगितली नव्हती. सांगायची हिंमतच झाली नव्हती.

"नाही समजलं मले," त्या म्हणाल्या. "पुन्हा दावा."

चंपतरावांनी धोतराच्या सोग्यानं त्यांचा तळहात पुसला आणि पहिल्या चांदणीपासून पुन्हा सुरुवात केली.